वळण

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं:
कोणत्या लढाईने यादवीला निर्णायक वळण दिलं?
उत्तर एका ओळीत. पाच गुण.

मास्तर बुर्गोसकडचे, नवे.
त्यांना माहीत नव्हतं, या वर्गात
निम्म्या पोरांच्या वह्या
त्याच लढाईच्या भंगारावर विकत घेतलेल्या आहेत.

खिडकीतून एब्रो दिसत होती.
बाईने झोपेत कूस बदलावी
तशी गावापाशी वळलेली.

बाबा उजाडायच्या आत टेकडीवर जायचे
गोणी आणि वाकडा गज घेऊन.
तांब्याला भाव, मग पितळी पुंगळ्यांना,
लोखंड म्हणजे नुसती पाठदुखी.
बुटात हाड निघालं तर
बूट गोणीत, हाड बदामाखाली.
पुढच्या साली नांगर ते पुन्हा वर आणायचा,
बाबा पुन्हा पुरायचे,
टोपी काढून, न बोलता,
जुन्या ओळखीच्या माणसाला वाट करून द्यावी तसे.

किमेताच्या नवऱ्याने एकदा
एक नळकांडं ठोकून पाहिलं.
तेव्हापासून काट्यावर किमेता एकटी येते.
काटेवाला तिच्या मापात
पासंग बघत नाही.

आणि मामा. बाप्तिस्ता.
सतरा वर्षांचा. त्या भरतीला लोक
दुधाच्या बाटलीची भरती म्हणत.
जुलैची रात्र, वल्ह्यांना चिंध्या बांधलेल्या.
पोहता येत नव्हतं त्याला.
आई काठावरच्या वेळूत उभी राहून
पाण्याला शिव्या देत होती, विनवत होती,
पुन्हा शिव्या देत होती.

नदीने त्याला काही केलं नाही.
नीट पलीकडे उतरवलं.
वर मात्र नुसता दगड, ऊन,
आणि खंदक खणायला मातीच नाही.
त्याच्या तुकडीतला एकजण परतला, तो सांगायचा,
शेवटी शेवटी बाप्तिस्ता
रिकामी बाटली कानाला लावून बसायचा.

आई अजून नदीवर कपडे धुते.
बोलत नाही तिच्याशी.

मी घरची भाषा घरी ठेवून
सरकारी भाषेत लिहिलं:
एब्रोची लढाई.
पाचपैकी पाच.

रात्री वही सहीला दिली.
आईने प्रश्न वाचला की नाही कोण जाणे.
गुणांवर तिची नजरही गेली नाही.
दिवा जवळ ओढून
त्या एका ओळीवरून ओलं बोट फिरवत राहिली,
शाई फिसकटली तरी.

"अक्षराला वळण चांगलंय तुझ्या," म्हणाली.
"त्याचंही असंच होतं.
शेवटचं अक्षर तेवढं
ओळीच्या खाली सोडायचा."