नाव जुळत नाही

फैजपूर, रात्रीचे पावणेअकरा.
खालून केळीचा ट्रक सावद्याकडे गेला
की राउटरचा दिवा एकदा मिचकतो,
आणि पोर्टलचं चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागतं.

पॅन. मग पासवर्ड: लेकीचं नाव
आणि पुढे तिचं जन्मतानाचं वजन.
मग ते मला मीच दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला
गुप्त संदेश दाखवतं, ‘घाई करू नको’,
आणि विचारतं, हा तुमचाच ना?
मी खूण करतो. माझाच.

तासिकेप्रमाणे शिकवतो मी. पदार्थविज्ञान, बीएस्सी पहिलं वर्ष.
मानधन दिवाळीला येतं, नाहीतर होळीला.
शंभरातले दहा मात्र
कधीच उशिरा कापले गेले नाहीत.
कर लागावा एवढं मी कमावलेलं नाही
हे सांगायला दरवर्षी जुलैत विवरणपत्र भरतो.
यंदा अकरा हजार दोनशे तीस.

झांबरे सरांचे बाराव्या दिवशी आले.
त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे नाही, पण कचोरी दिली.
माझ्या पडद्यावर तीन हिरव्या खुणा:
दाखल. पडताळणी. प्रक्रिया पूर्ण.
आणि चौथ्या जागी, लाल:
परतावा अयशस्वी. नाव जुळत नाही.

बँकेत भंगाळे मॅडमनी दोन्ही कागद
उजेडाकडे धरले, नोटा धरतात तसे.
पासबुकात वडलांच्या नावात एक ए जास्त आहे,
पॅनवर तो नाही.
‘सर, सुपडू की सुपाडू, ते आधी घरी ठरवा.’
रांगेतला एक जण हसला. मीही हसलो.

ज्यांना विचारायचं ते मागच्या चैत्रात गेले.
त्यांनी जन्मभर सही मराठीत केली,
त्या ए ची त्यांना कधी गरजच पडली नाही.

आईने मात्र सांगितलं, भाकरी थापता थापता,
जसं काही बाजारातलं सांगावं.
आधीची दोन गेली होती. तिसऱ्याला
नाळ कापल्या कापल्या सुपात घातलं,
शेजारच्या नारखेड्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं,
पसाभर दादरीला विकून टाकलं.
दिवे लागायच्या आत पसाभर दादर देऊन परत घेतलं.
न्यायला येणारा आला तर त्याच्या यादीतलं नाव
या घरातल्या पोराशी जुळू नये म्हणून.

एकाहत्तर वर्षं जुळलं नाही.

‘आले का रे तुह्ये पयसे?’
मी म्हणालो, नाव दुरुस्त करावं लागेल, अप्पांचं.
तव्यावरची भाकर तिने उलटली नाही.
‘मंग राहू दे,’ ती म्हणाली. ‘नको जुयवू.’

आता पुन्हा अर्ज उघडलाय.
वडिलांचे नाव, लाल चांदणीसह, भरणे बंधनकारक.
पी आणि डी यांच्या मध्ये कर्सर
उघडझाप करतोय.
लेकीच्या शाळेची फी पंधरा तारखेला.
ए घालतो.
भाकरीचा जळका वास अजून घरात आहे.
ए काढतो.
बराच वेळ काही न केल्यामुळे
तुमचे सत्र संपले आहे, असं येतं.
बाहेर दुसरा ट्रक, ताडपत्री फडफडत.