मत्स्यगंधाच्या बारा खिडक्या

भंगाराचा भाव वजनावर ठरतो.
दारूखान्यात हिशेब लिहीत बावीस वर्षं गेली माझी,
आता माणूस दिसला तरी आधी किलो सुचतात.
ती आली तेव्हा मनात म्हटलं, पन्नासच्या आत.
गळ्यात मोजपट्टी, बुटांवर आमचा काळा चिखल,
नंदिता ओसवाल, घरं आखणारी.
हकीमुद्दीनशेठनी तिच्यासाठी खुर्ची पुसली.

जैसलमेरच्याही पुढे, म्हणाली, हॉटेल उभं राहतंय.
भिंती मातीच्या, शेणानं लिंपलेल्या,
एसी नाही, वारा धरणारे बुरूज आहेत,
वीज उन्हाची,
आणि बाकी जे लागेल ते जुनं,
कुणीतरी वापरून टाकलेलं.
म्हटलं, मग बाई, पत्ता चुकला नाही तुमचा.

मत्स्यगंधा तेव्हा अर्धी कापून झाली होती.
गाळ उपसणारं जहाज ते,
चाळीस वर्षं समुद्राच्या तळाची वाळू काढत राहिलं,
एका बंदरातून दुसऱ्या बंदरात.
तिच्या बारा गोल खिडक्या नंदितानं बाजूला काढल्या
आणि मला हसू आलं.
कशाचं ते तिला सांगितलं नाही.

मुरुगन चिंच आणि राख घेऊन बसला पितळ घासायला.
ती ओरडलीच, नको!
तो हिरवा कळक तसाच ठेवा,
मी त्याचे वेगळे पैसे देते.
मुरुगननं माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे.
शेठ छताकडे बघत होते.
आजवर घासघासून
किती रुपये गटारात सोडले असतील आम्ही?
बिलात लिहिलं: पितळ, एकशे बत्तीस किलो.
खालच्या ओळीत: हिरवा रंग, वजन नाही.
किंमत मात्र लिहिली.

चहा येईपर्यंत ती हॉटेलबद्दल सांगत होती.
पाहुण्याला दिवसाला दोन बादल्या पाणी,
तिसरी मागितली तरी मिळणार नाही,
आणि लोकांना हेच आवडतंय म्हणे,
एका रात्रीचे अठ्ठावीस हजार.
माझ्या हातातलं पेन थांबलं.
आमच्या कौला बंदरला मी आणि दीर, दोघांत मिळून तीन.
पाईपवाला पिंपामागे पैसे घेतो, येईल तेव्हा येतो.
यालाही काही नाव असतं हे माहीत नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू,
तिनं कळवळा वगैरे दाखवला नाही.
वही उघडली आणि विचारलं, कसं भागवता?
मग मीही रंगले.
तांदळाचं धुवण आधी भांड्यांना,
भांड्यांचं पहिलं पाणी टाकायचं, दुसरं फरशीला,
आंघोळ परातीत उभं राहून,
परातीतलं संडासला.
तिनं परातीचं चित्र काढलं, व्यास विचारला.
माझ्या परातीचा व्यास मला कुणी विचारला नव्हता.

चार महिन्यांनी मोबाईलवर फोटो आले.
न्हाणीघरात मोठी पितळी परात,
भिंतीवर पाटी, सुंदर अक्षरात:
एकदा वापरलेलं पाणी अजून संपलेलं नसतं.
हे मी म्हणाले होते का? आठवत नाही.
म्हणाले असेन, चहाच्या नादात.
खाली नाव कुणाचंच नव्हतं,
आणि मला राग यायला हवा होता,
तो अर्धाच आला.

शेवटचा फोटो खिडकीचा.
लाल भिंतीत ती गोल, हिरवी,
काचेपलीकडे वाळूच वाळू, एकावर एक चढलेली,
जणू मत्स्यगंधानं उपसलेली सगळी
कुणीतरी तिथे नेऊन ओतली.
मुरुगन खांद्यावरून वाकला.
काचेच्या कडेला त्याच्या गॅसकटरची ठिणगी
तीळभर चिकटून राहिली होती.
ती त्यानं बोटांनी मोठी करून पाहिली,
पुन्हा लहान केली,
म्हणाला, ताई, भरती कधी येते तिकडे?

उत्तर देणार इतक्यात पाईपवाल्याचा मिस्ड कॉल.
पाणी आलं होतं. वही मिटून मी पळाले.