तालुका येईपर्यंत

उदगीरच्या स्टँडमागं, खव्याच्या दुकानाला लागून
माझं फॉर्म भरायचं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर
आणि पंखा सोडून सगळं चालवणारा इन्व्हर्टर.
जूनमध्ये रांग रस्त्यावर येते.
सगळ्यांचं तेच: जिल्हा लातूर, तालुका उदगीर, मग गाव.
दिवसातून शंभरदा तेच भरून बोटं बधिर झाली
म्हणून एका रात्री बसून स्क्रिप्ट लिहिली,
वीसएक ओळींची. ब्राउझरला म्हटलं, एवढं तू कर बाबा.

पहिल्या दिवशी तिनं घाईच केली.
पान अजून यायचं होतं,
रकाने नव्हते, पांढरंफटक होतं सगळं,
आणि ही आपली लातूर, लातूर म्हणत
नसलेल्या दारावर थापा मारून परत गेली.
येऊन गेली, हेही कुणाला कळलं नाही.

मग तिला पार शेवटी ठेवलं.
सगळं येऊ दे, शिक्के, सूचना, हसरे फोटो,
मग ऊठ.
तर तोवर मी हातानं भरलेलं
तिनं पुसून टाकलं,
पंगत उठल्यावर पत्रावळी मांडायला आल्यासारखी.

एकदा तर कुठल्या पानावर जायचं नि कुठल्या नाही
हेच मी नीट सांगितलं नव्हतं.
वीजबिलाच्या पानात शिरली
आणि शेख रहिमतबींच्या ग्राहक क्रमांकात
'उदगीर' लिहून आली.
रहिमतबी म्हणाल्या,
लाईट तर येत नाही, गाव तरी आलं.

मग तीन सेकंद.
हजाराला एक, असे तीन हजार लिहिले.
सकाळी सातला तीन सेकंद पुरतात.
बाजाराच्या दिवशी, अख्खा तालुका
एकाच टॉवरला लटकलेला असताना,
लातूर भरतं, आणि पुढच्या रकान्यात
एक चकती नुसती गरगरत राहते.
स्क्रिप्ट रिकाम्या यादीत बोट घालून निघून जाते.
'कवर बसू गं?' बाकावरून आवाज येतो.

मन्मथ तेव्हा त्याच बाकावर होता.
पॉलिटेक्निकचा, स्कॉलरशिपसाठी आलेला.
नाव विचारलं तर म... म... करत थांबला.
मी 'महेश' टाईप केलं. त्यानं मान हलवली.
मी 'मनोज' केलं.
मग त्यानं आधार कार्डच पुढं सरकवलं.
ते आधीपासून हातात होतं.

माझ्या स्क्रीनकडं बराच वेळ बघत बसला.
मग म्हणाला, आणि हे म्हणायला त्याला
चकती थांबायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला,
'वेळ म... मोजू नका.
यादी आली का, ते बघत ऱ्हावा.'

रात्री तसंच केलं.
आता ती रकान्याच्या उंबऱ्यावर बसते, घड्याळाकडं पाठ करून.
आत काही हललं की मान वर करते,
उदगीर आलंय का बघते, नसेल तर पुन्हा टेकते.
आलं की निवडते, आणि गावांसाठी पुढच्या उंबऱ्यावर जाते.
काम झालं की पहारा उठवायचा असतो.
तेवढं मी विसरले होते, तर दिवसभर
पान जरा हाललं की दचकून उठत होती बिचारी.

श्रावणात मन्मथ पुन्हा आला, नूतनीकरणाला.
जिल्हा, तालुका तिनं भरले.
गावांची यादी उतरली. देवर्जन, नळगीर, हाळी...
मी विचारलं, गाव?
'न... न...'
मागच्या फॉर्मवर नळगीर होतं, मला पक्कं आठवत होतं.
बोट माऊसवर, बाण नळगीरवर.
हात उचलून मांडीवर ठेवला.
लाईट गेलेली, पंखा बंद.
शेजारच्या भट्टीवरून आटत्या दुधाचा वास.
मागं कुणीतरी घसा खाकरला.
'न... नळगीर नाही आता,' तो म्हणाला,
'आम्ही तोंडारला ऱ्हातो.'

यादीत त हा न च्या आधी असतो.
मी बाण वर घेतला.