झालं, असं डिस्क म्हणते

नदीकाठची कागद गिरणी बंद पडून चौदा वर्षं झाली.
त्याच हॉलमध्ये आता सर्व्हर आहेत,
आणि नदीचं तेच पाणी
लगदा कालवायचं सोडून यंत्रांचा ताप उतरवतं.
इरिया केम्पाइनेनला इथे पगार मिळतो
वीज तोडण्याचा.

फाइली लिहिल्या जात असताना ती प्लग उपसते,
परत लावते,
आणि बघते काय वाचलं.
आज सकाळपासून दोनशे अकरा वेळा.
बाहेर उणे सव्वीस. दुपारी दोनलाच खिडकी निळी.

नियम तसा शाळकरी पोरालाही कळेल.
मजकूर आधी आपल्या जागी ठेव.
मग वहीत लिही, कुठे काय बदलणार आहे ते.
त्याखाली एक शेवटची ओळ: पूर्ण.
आणि मग सवडीने खऱ्या पानांवर उतरव.
मध्येच दिवे गेले तर वही उघडायची,
'पूर्ण' दिसलं तर पुन्हा गिरवायचं,
नाही दिसलं
तर तसं काही घडलंच नव्हतं.

पण डिस्क हा हुशार कारकून.
जवळचं आधी, लांबचं जाता जाता,
चार कागद हातात आले की फेरी वाचवते.
विचारलं तर म्हणते, झालं.
झालेलं नसतं, तिच्या खिशात असतं.
आणि खिसा विजेवर चालतो.

म्हणून मध्ये अडसर घालायचा:
हे खाली टेकल्याशिवाय पुढचं उचलू नकोस.
अडसर लावला की सेकंदाला चारशे नोंदी,
काढला की एकोणीसशे.
मार्युत वरच्या मजल्यावरून आलेख पाठवते,
खाली एकच ओळ: काढूया का?

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या खेपेला अडसर काढलेला होता.
'पूर्ण' पोचलं होतं. त्याच्या आधीचा मजकूर नव्हता.
वरातीमागून निदान घोडं तरी येतं.
फाइलीचं नाव बरोबर, लांबी बरोबर,
आत मात्र त्या जागेवरचं जुनं, पुसलेलं:

    ०३.१० झडप चार बंद. उ. केम्पाइनेन

चाचणीला भरताड मजकूर लागतो,
म्हणून तिनेच गेल्या हिवाळ्यात
वडिलांच्या पाळीवह्या टाइप करून डिस्कवर ओतल्या होत्या.
हजारो ओळी.
त्यांतली नेमकी हीच वर यावी.

उर्हो कामचुकार नव्हता.
वही या टोकाला, झडप त्या टोकाला,
कॉफीची किटली वाटेवर.
आधी लिहिलं, म्हणजे परत यायला नको,
जाता जाता बंद करू.
एक फेरी वाचली.
हान्नेसने वही वाचली
आणि पाइप उघडला.

पुढे हान्नेस डाव्या हाताने सही करायला शिकला.
दर ख्रिसमसला कार्ड येतं,
अक्षरं अजून उताराला लागल्यासारखी.

इरिया पडद्याचा फोटो काढते, मग पुसून टाकते.
अहवालात लिहिते: खेप १८८, क्रमभंग, जुना मजकूर उघडा पडला.
मार्युतला उत्तर अजून लिहिलेलं नाही.
चारशे आणि एकोणीसशे, फरक थोडा नाही,
हे तिलाही कळतं. फेऱ्या तिनेही वाचवल्यात.

संध्याकाळी सातला फोन.
"गोळ्या घेतल्या का?"
"घेतल्या," उर्हो म्हणतो. "झालं."
ती काही बोलत नाही. फोनही ठेवत नाही.
पलीकडे घड्याळ ऐकू येतं, मग खुर्ची सरकते,
चार पावलं, नळ,
पेला टेबलावर टेकल्याचा आवाज.

"हं," तो म्हणतो.