कायमचे बंद

निषादचे केस मी तो झोपला की कापायचे.
एक बाजू आज,
दुसरी, तो कूस बदलेल त्या रात्री.
मधले चार दिवस पोरगा शाळेत जायचा
अर्धवट सोललेल्या नारळासारखा.

नाव ठेवलं सुराचं,
आणि मशीन घुं करून सुरू झालं की
दोन्ही कानांवर हात, टेबलाखाली.
हॅलिफॅक्समधली तीन दुकानं झाली.
तिसऱ्यातला हसत म्हणाला, जरा घट्ट धरा त्याला.
जावळाच्या वेळी मामानं धरलं होतं, तसं.
मी नाही धरलं. पैसे दिले, बाहेर पडलो.

रात्री दोनला फोनला विचारायचे,
अंधारात, ब्राइटनेस कमी करून,
मोडक्यातोडक्या इंग्रजीत:
मुलगा घाबरतो केस कापायला
न ओरडणारा न्हावी
फक्त कात्री, मशीन नको, जवळपास
फोन दाखवायचा दाढीचं तेल
आणि लीड्समधलं एक दुकान, जिथं बिअर फुकट.

काखेत कळसा म्हणतात तो
आमच्याच उताराच्या तळाशी होता, लाँड्रीमागं.
शाळेच्या फाटकाशी एका आजीनं कानात सांगितलं,
गुपित सांगावं तसं:
क्लिफर्डकडे जा. मंगळवारी. पाचनंतर.

क्लिफर्ड ॲकरॉइड, वय एकाहत्तर.
मंगळवारी पाचला रेडिओ बंद,
ट्यूबा बंद, एकच टेबललॅम्प,
आणि स्वतः फरशीवर, पोर बसेल तिथं.
पहिल्या दिवशी त्यानं निषादचा एक केस कापला नाही.
बोथट कात्री त्याच्या हातात दिली
आणि आपली भुवई पुढं केली.
(आठवडाभर तो एका भुवईनं हिंडला.)
तिसऱ्या मंगळवारी कानामागून पहिली बट पडली.
निषादनं ती खिशात घातली.

घरी येऊन पाच तारे द्यायला नकाशा उघडला.
दुकानाची टाचणी हेबल ओढ्याच्या मधोमध,
आणि खाली लाल अक्षरांत: कायमचे बंद.

दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं.
बंद? तो म्हणाला. मी तर इथंच आहे.
मग खुर्चीवर बसला, गिऱ्हाइकाच्या.
मला वाटायचं, सगळ्यांना टक्कल पडलं.

तो हयात आहे हे पटवायला तीन आठवडे लागले.
पाटीचा व्हिडिओ मागितला त्यांनी,
कुलूप उघडणाऱ्या हाताचा मागितला.
हात जरा थरथरत होता; पहिला व्हिडिओ नामंजूर.
टाचणी ओढ्यातून काढून
मी बोटानं काठावर आणली, मग गल्लीत, मग दारात.

दुकानाबद्दल काय लिहू?
लिही, केस कापतो.
बरं, आणखी?
आणखी काय असतं?

मग मी माझ्या रात्री दोनच्या ओळी लिहिल्या.
जशाच्या तशा, चुकांसकट.
नवरा म्हणाला, व्याकरण बघ. नाही बघितलं.
लिहिलं: दारात एक पायरी आहे, बाबागाडीसाठी फळी मागा.
लिहिलं: संडास वरच्या मजल्यावर, जिना अरुंद.
लिहिलं: इथं पळून गेलं तरी चालतं.
त्याला फोटो हवा होता डॉमिनोच्या कपाचा.
मी फरशीचा टाकला.

पाच मंगळवार कोणी आलं नाही.
मला त्याच्याकडे बघवेना.

सहाव्याला दार किलकिलं झालं.
डोक्यावर हूड ओढलेली एक मुलगी,
मागं तिची आई, हातात फोन,
दबक्या आवाजात वाचत:
न ओरडणारा... हेच ना?
माझं वाक्य, माझ्याच चुकीसकट,
तिच्या तोंडून.
डोळ्यांखाली तिच्याही रात्रीचे दोन वाजलेले.

आता मंगळवारी नंबर लागतात.
निषादला थांबावं लागतं, तो चिडतो,
आपली बोथट कात्री दुसऱ्यांना देत नाही.

परवा क्लिफर्डचा फोन.
ते ‘बंद’ पुन्हा लावता येईल का गं?
आठवडाभरच. स्कारबरोला बहिणीकडे जातोय.

लावलं.
झोपण्याआधी दोनदा उघडून बघितलं:
तात्पुरते.