भोयर साहेबांचा कूलर

आत हात घालू नका, मॅडम म्हणाल्या,
म्हणून मी हात खिशात ठेवून उभा आहे
दुकानाच्या मागच्या खोलीत, मानेवाडा रोड,
रात्रीचे पावणेदोन.

कूलर भोयर साहेबांचा. मेमध्ये दुरुस्तीला आला,
मोटर जळलेली, तळाची चाळणी झालेली.
पार्ट आला नाही, पाऊस आला,
मग साहेबही विसरले.
आता त्यात करंजाची फांदी उभी आहे
आणि फांदीवर ती.

पोराने आणली. बेसा रोडच्या प्लॉटवर
जेसीबीने झुडपं काढली तेव्हा
बाकीचे पोट्टे दगड शोधत होते,
यानं अंगातला शर्ट काढला.
"विषारी असते बे, फुंकली तर मरशील."
"मग तुम्ही लांब राहा," सुजल म्हणाला,
आणि आठ दिवसांनी वर्ध्याच्या होस्टेलला निघून गेला,
मला नाकतोडे पकडायला शिकवून.

तेव्हापासून मी नाल्याकाठच्या गवतात वाकलेला असतो.
"काय हरवलं गा, रूपचंद?"
"वायसर," मी म्हणतो.

सोमवारपासून नाकतोडा तिच्या तोंडापुढं फिरतो,
ती जीभ काढत नाही.
डोळे खोल गेले. अंग काळपट, त्यावर पिवळे ठिपके,
पोट मटारच्या शेंगेसारखं उंचसखल.
सारखी खाली उतरते, पत्रा खरवडते.
तो आवाज माझ्या ओळखीचा,
गंजावर पॉलिश पेपर घासल्याचा.

ढोक मॅडमनी टॉर्च धरून आधी तिला पाहिलं, मग मला.
"अंडी असतील. नसली तर आजार.
दोन दिवस काही सांगता येणार नाही."
पण नर तर नाही, मी म्हटलं.
"त्यावाचूनही येतात. पोकळ.
आणि हे जनावर घरी ठेवायचं नसतं, माहीत आहे ना?
बरी झाली की वनखात्याला फोन करा."
माहीत आहे, म्हणालो.
सुजलला माहीत नाही.

बादलीत माती, वाळू,
मुठीत दाबली तर गोळा व्हावा इतकीच ओली.
भोयरांचाच पंप लावला, थेंब थेंब पानावर.
दोन थेंब ती प्याली. तिसरा हनुवटीवरून गेला.
मग वरून चादर. बघायचं नाही.
कुणी बघतंय हे कळलं तर अर्धा खड्डा सोडून देते,
अंडी पोटातच ठेवते
आणि मरते.

आयुष्यभर मी वस्तू उघडूनच नीट केल्या.
स्क्रू काढायचा, वास घ्यायचा,
कुठं जळलं ते सांगायचं.
झाकून ठेवून काही बरं करायची
ही पहिलीच खेप.

साडेआठला होस्टेलच्या फोनपुढं रांग असते.
त्याला दोन मिनिटं मिळतात.
"दिली का?"
"नाही."
"रंग?"
"काळाच."
आज मी विचारलं, तुला करमते का रे तिथं?
मागं कुणीतरी ताट आपटलं.
"माती सुकू देऊ नका, बाबा," तो म्हणाला.

चादरीआड बादलीत काहीतरी उकरतंय.
थांबतं. मी पंप बंद करतो.
पुन्हा उकरतं.
रिंग रोडवरून एक ट्रक गेला
आणि मी मनातल्या मनात त्याला आईवरून शिवी दिली.

पाच वाजता चादरीचा कोपरा उचलला, फक्त कोपरा.
माती वरून चापून बसवलेली,
कुणी अंगण चोपावं तशी.
ती फांदीच्या बुडाशी, पोट खपाटीला,
किंवा मला तसं वाटतंय.
एक डोळा बादलीवर,
दुसरा फिरत फिरत माझ्यापाशी आला आणि थांबला.
नाकतोडा पुढं केला. नाही घेतला.
थोड्या वेळानं पुन्हा करून पाहीन.

उकरून बघितलं नाही.
दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला लावतो
तशी चिठ्ठी बादलीला बांधली:
नाव, सुजल रूपचंद.
तक्रार, काही नाही.
देण्याची तारीख
कोरी सोडली.
भोयर साहेबांना एप्रिलमध्ये
काय सांगायचं ते बघू.