भरतीचं वेळापत्रक

देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री एक वाजता मी हेडफोन लावते
आणि पेनमाउथ चालू असल्याचं सांगते.

होय, बंदराची फेरी उद्या दहा वीसला निघेल.
नाही, सील दिसतीलच अशी हमी देता येत नाही.
दीपगृहाला एकशे बारा पायऱ्या,
कुत्र्याला तिकीट लागत नाही.
धक्क्यावर बसून मासे खाल तर वर लक्ष असू द्या,
सीगल हातातलं नेतात.

सीगल मी पाहिलेला नाही.
त्याच्या वतीने माफी मात्र
वर्षभरात चाळीसेकदा मागितली आहे.

माय त्या गावाला पानमूठ म्हणते.
"तुन्हा पानमूठले पानी कितला दिनमा येस व?"
दिवसातून दोनदा, माय.
"दोनदा!"
रिकाम्या हंड्याला टेकून ती खालीच बसते.
आणि जातंही दोनदा.
"मंग काय उपेग."

भिंतीवर दोन कागद शेजारी शेजारी:
एकावर पुढल्या मार्चपर्यंतच्या भरती-ओहोट्या,
मिनिटामिनिटाने, चंद्राला विचारून छापलेल्या.
दुसरा मायचा. वॉलमन भिकनआप्पाला विचारून
पेन्सिलीने लिहिलेला:
मंगळवार, खोडून बुधवार, खोडून शुक्रवार,
पुढे नुसतीच रेघ.

मिस्टर गॅरिक गुरुवारी फोन करतात.
तिकीट घेत नाहीत.
जन्म बंदरात गेला, आता मुलीने कुठेतरी आत,
समुद्र नसलेल्या गावी नेऊन ठेवलंय.
डोळ्यांनीही फारसं उरलेलं नाही.
"आज काय दिसतंय?" एवढंच.
मी धक्क्यावरचा कॅमेरा उघडते.
निळी होडी कुशीवर पडलीय.
लाल जाकिटातली बाई
खेकडे धरणाऱ्या पोरांवर ओरडतेय.
हॉटेलवाला बाकडी आत घेतोय, म्हणजे वारा सुटलाय.
नियमात तीन मिनिटं बसतात.
मी अकरा देते.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी वीज गेली.
स्क्रीन गेला, पंखा गेला, सगळं देवपूर गेलं,
कॉल तेवढा आपसूक मोबाइलवर आला.
घामाने निथळत मी गच्चीवर.
"आज काय दिसतंय?"

यंत्रणा बंद आहे, क्षमस्व, हे वाक्य मला पाठ आहे.
खाली पांझरा होती.

मी म्हटलं, ओहोटी आहे, मिस्टर गॅरिक.
पार तळ उघडा पडलाय.
खडकांतून डबकी राहिलीत, प्रत्येकात थोडा थोडा चंद्र.
पुलाखाली कुणी चादर घेऊन झोपलंय.
आणि चार गाढवं.
जीभ चावली मी.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, "गाढवं? वाळूवरची?"
हो. वाळूवरचीच.
"बसलोय मी त्यांच्यावर. लहान होतो.
एका नाण्याला एक फेरी."
आमची पहाटेच्या आत गोण्या वाहतात,
तलाठी उठायच्या आत.
हे मी सांगितलं नाही.

"वास येतोय का?"
येतोय. चिखलाचा, शेवाळाचा, कुजलेल्या कशाचा तरी.
"तोच," ते म्हणाले,
आणि फोनमधून लांब श्वास ओढल्याचं ऐकू आलं.

तेवढ्यात खाली नळ खोकला.
एकदा, दोनदा, पोटात नुसती हवा,
आणि मायची हाक अख्ख्या गल्लीला:
"वैजू! नळ उना! उतर ना व!"
वीज नाही म्हणून कुणाच्या मोटारी नाहीत,
मोटारी नाहीत म्हणून पाणी असं,
जसं मी शाळेत असताना यायचं,
ड्रमच्या बुडावर थाडथाड आपटत,
शेजारी बादल्या, पलीकडे टीप,
झोपेतून उठलेल्या बायकांचा गलका.

फोन मी तोडला नव्हता.
"ऐका," मिस्टर गॅरिक म्हणाले, हळूच,
झोपलेलं मूल जागं होईल अशा आवाजात,
"आली ना? भरती?"

दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.
तक्त्यात यावेळी काय होतं, आठवेना.

आली, मी म्हटलं,
फोन ड्रमच्या काठाशी ठेवला
आणि मायच्या हातची कळशी घेतली.